ताट्यांची वाट

अस्वलाने माझ्या बायकोला, वच्छलाला धरलं तेव्हा मी गाडीखाली होतो. थंडीत ती जुनी मिलिटरीची गाडी सकाळी सुरू होत नसे. इंजिनातलं तेल गोठून बसायचं. मग घमेल्यात निखारे घेऊन ते इंजिनाखाली सरकवायचे आणि तेल पातळ होईपर्यंत तिथेच लक्ष ठेवून पडून राहायचं. ठिणगी उडाली तर गाडी गेली आणि आपणही गेलो. मी तसा पडलो होतो. नाल्याकडून ओरडणं ऐकू आलं. बाईचं होतं, पण ते वच्छलाचं आहे हे मला लगेच कळलं नाही. तिला असं ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं.

ती पाणी आणायला गेली होती. नाल्याच्या काठाला बोरीची झुडपं होती, त्यांत अस्वल बोरं खात होतं. तिने ते पाहिलं नाही आणि त्यानेही तिला पाहिलं नाही. दोघं एकदम समोरासमोर आले.

माझ्या गाडीवरचा हमाल इसरू माझ्याआधी पोचला. इसरू गोंड, तिथल्याच जंगलातला. मी गेलो तोवर त्याने अस्वलाच्या मानेत कुऱ्हाड घातली होती. ती तिथेच रुतून बसली होती आणि अस्वल कुऱ्हाडीसकट वच्छलावर वाकलेलं होतं. माझ्या हातात सब्बल होती, ओंडके सरकवायची लोखंडी पहार. मी ती अस्वलाच्या नाकावर घातली. ते आडवं झालं. मी मारत राहिलो. त्याचं तोंड उरलं नाही तरी मी मारत होतो. शेवटी इसरूने मला मागून मिठी मारून धरलं.

"मेलं ते, लटारू. तिच्याकडं पाह्य."

वच्छलाच्या डोक्याची कातडी कपाळापासून मागे सोलली गेली होती. डावी मांडी फाटली होती. डोक्याचं दिसायला भयंकर होतं, पण खरं संकट मांडीत होतं. तिथून रक्त उसळ्या मारून येत होतं.

अड्ड्यावर सुकरी नावाची म्हातारी होती. हमालांची जखम, बाळंतपण, सगळं तीच बघायची. तिने जखमेच्या वर लुगड्याची चिंधी आवळली, चिंधीत एक काडी घातली आणि काडीला पीळ दिला. रक्त थांबलं. काडी सोडली की पुन्हा वाहायला लागायचं. सुकरीने ती काडी वच्छलाच्या मुठीत दिली.

"ही सोडू नको, पोरी. झोप आली तरी सोडू नको." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "माह्या पाल्यानं हे भरत नाई. चांद्याले ने."

धानोऱ्याच्या पलीकडे हा आमचा लाकडांचा अड्डा होता. दिवाळीनंतर नद्यांचं पाणी उतरलं की ठेकेदाराच्या गाड्या सुरू व्हायच्या आणि पाऊस पडेपर्यंत चालायच्या. माझी गाडी म्हणजे पुढे केबिन आणि मागे नुसता सपाट पाट. पाटाच्या दोन्ही बाजूंना खुंटे, मध्ये सागाचे ओंडके, वरून साखळदंड. आदल्या संध्याकाळीच ती भरून ठेवली होती. ओंडके टाकून रिकामी गाडी न्यावी असं इसरू म्हणाला. पण गाडी उतारावर उभी होती आणि खाली झोपड्या होत्या. साखळी सोडली असती तर ओंडके झोपड्यांवर गेले असते. मी भरलेलीच गाडी काढली.

वच्छलाला केबिनच्या बाकावर आडवं केलं. दाराची कडी तुटलेली होती, म्हणून इसरू बाहेर पायरीवर उभा राहिला आणि त्याने दार पाठीने दाबून धरलं.

रस्त्यात ती बोलत होती. बोलते आहे तोवर बरं आहे, असं मला वाटत होतं.

"हळू हाका वो," ती म्हणाली. "नाईतर त्याची बायको आडवी येईन आता."

"कोणाची?"

"अस्वलाची. नवरा मारला तुमी तिचा."

इसरू बाहेरून हसला. "वैनी, तिले मी सांगतो, माहा दोष नाई, सगळं लटारूनं केलं."

"कुऱ्हाड तुही होती."

"कुऱ्हाड ठेकेदाराची होती."

ती हसली आणि हसताना काडी थोडी सुटली. बाकावर रक्त आलं. मी ओरडलो. तिने पुन्हा पीळ दिला आणि म्हणाली, "ओरडू नका. माह्या लक्षात आहे."

गडचिरोलीच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. त्याने डोकं बांधून दिलं. मांडीची शीर आतून शिवावी लागेल, ते इथे होत नाही, चांद्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या, असं त्याने सांगितलं. काडीकडे बघून म्हणाला, "ज्यानं हे केलं त्यानं जीव वाचवला. आता वेळ नका लावू." वच्छलाचे ओठ तोवर पांढरे पडले होते.

गडचिरोलीहून पुढे वैनगंगा आडवी येते. तेव्हा तिच्यावर पूल नव्हता. हिवाळ्यात पात्रात वाळूच वाळू असायची आणि मध्ये गुडघाभर पाण्याचा एक पट्टा. त्या वाळूवर बांबूच्या विणलेल्या ताट्या अंथरून गाड्यांसाठी वाट केली जायची. ती वाट एका गाडीच्या रुंदीची. चाक ताटीवरून उतरलं की बोटभर वाळूखाली चिखल, आणि गाडी पोटापर्यंत जायची. भरलेली गाडी तर ताट्यांवर मागे घेताच येत नाही. मागची चाकं ताट्या ओरबाडून गोळा करतात आणि गाडी आपणच आपल्याखालची वाट खाते.

म्हणून ड्रायव्हरांनी एक रीत पाडली होती. आपली गाडी पात्रात घालायच्या आधी आपला माणूस चालत पलीकडे जायचा आणि तिकडच्या काठावर वाटेच्या तोंडाशी पानांची हिरवी डहाळी वाळूत रोवायचा. डहाळी उभी असली की तिकडून कोणी उतरायचं नाही. माणूस डहाळीजवळ थांबत नसे. त्याला परत येऊन गाडीपुढे पाण्यात चालावं लागायचं, सरकलेल्या ताट्या पायाने चाचपून वाट दाखवावी लागायची. डहाळी तिथे एकटीच राखण करायची. तिला कोणी हात लावत नसे. वाटेवरच्या मारामाऱ्या मी पुष्कळ पाहिल्या, पण डहाळी उपटणारा ड्रायव्हर पाहिला नाही.

त्या दिवशी महाशिवरात्र होती. नदीवर दाट धुकं होतं. पलीकडचा काठ दिसत नव्हताच, मधलं पाणीही दिसत नव्हतं.

रोज आम्ही पळसाची डहाळी घ्यायचो, काठाला पळस खूप होता. पण थंडी संपत आल्यावर पळसाची पानं गळून जातात. झाडांना नुसत्या काळ्या कळ्या होत्या. इसरूने इकडे तिकडे पाहिलं आणि बेलाची डहाळी तोडली. काटा बोटात गेला तसा त्याने बेलाला शिवी दिली.

"आज शिवरात आहे, शिव्या नको देऊ," वच्छला आतून म्हणाली.

"तुमच्या देवाचं झाड आहे, वैनी, मले टोचणारच," असं म्हणत तो धुक्यात पळाला.

तो परत येईपर्यंत मी इंजिन चालू ठेवलं. वच्छलाचे डोळे मिटत होते. मी तिला बोलतं ठेवत होतो. गावाकडच्या कोणाकोणाची नावं घेत होतो आणि ती त्यांच्या बायकांची नावं सांगत होती. दोन नावं ती चुकली.

इसरू धापा टाकत आला. "रोवली. चल. पलीकडं कोणीच नाई."

मी गाडी उतरवली. तो पुढे पाण्यात चालत होता. गुडघ्यापर्यंत पाणी, अंगावर एक पंचा, तोंडातून वाफ येत होती. हाताने तो इकडे, थोडं इकडे असं दाखवत होता. पाणी संपलं आणि पुढची चाकं पलीकडच्या वाळूवरच्या ताट्यांवर चढली. तेव्हा समोर धुक्यात दोन दिवे पिवळे झाले.

मी भोंगा दाबून धरला. समोरूनही भोंगा आला. इसरू दोन्ही हात वर करून ओरडत पुढे पळाला. ती गाडी थांबली तेव्हा तिच्या आणि माझ्या गाडीच्या नाकांमध्ये बैलगाडी मावली नसती. मला थांबावं लागलं. थांबलो तशी खालची ताटी कुरकुरली आणि तिच्या विणीतून पाणी वर आलं.

गाडी डोमाची होती. डोमा मूल गावाकडचा ड्रायव्हर. आम्ही एकाच रस्त्यावर फिरायचो. मागे एकदा अड्ड्यावर मुक्कामाला असताना वच्छलाच्या हातचं जेवलाही होता. आज त्याच्या गाडीवर मार्कंड्याच्या महादेवाच्या जत्रेला निघालेली माणसं दाटीने उभी होती.

तो खाली उतरला. "अबे लटारू, झोपेत हाकून राह्यला का? मागं घे."

"तू घे मागं. माही डहाळी लागली आहे."

"कुठी आहे डहाळी? मी काठावर उतरून पाह्यलं. वाळूत काईच नोयतं."

"मी रोवली," इसरू म्हणाला. "आत्ताच रोवली. चांगली हातभर आत."

"तू रोवली असशीन घरी, अंगणात."

गाडीवरची माणसं हसली. कोणीतरी ओरडलं, "डोमाभाऊ, लवकर आटपा, तिकडं दर्शनाची रांग वाढून राह्यली."

"डोमा," मी म्हणालो, "आत बाई मरून राह्यली. मागं घे."

डोमाने माझ्याकडे पाहिलं आणि थुंकला. काही दिवसांपूर्वी याच घाटावर एका ड्रायव्हरने आत आजारी माणूस आहे असं सांगून सगळ्यांना थांबवलं होतं आणि आत कोंबड्यांची टोपली निघाली होती. ती गोष्ट सगळ्या रस्त्यावर झाली होती.

"आता कोंबड्या नाई, बाई," डोमा म्हणाला. "मोठा हुशार झाला तू."

"ये, येऊन पाह्य."

"आधी तुह्या या लबाडाले इचार डहाळी कुठी गेली." त्याने इसरूच्या छातीवर हात ठेवून ढकललं. इसरू हलला नाही. तो ओंडके उचलणारा माणूस. त्याने डोमाचा हात झटकला. डोमाच्या दुसऱ्या हातात गाडी सुरू करायचं हँडल होतं. त्याने ते इसरूच्या कानशिलावर मारलं.

इसरू गुडघ्यावर बसला. गाडीवरून चार-पाच बाप्ये खाली उड्या टाकून आले. आपल्या ड्रायव्हरची भानगड झाली, एवढंच त्यांना कळलं असेल. त्यांनी इसरूला लाथा घातल्या. पोटात, पाठीत, तोंडावर. देवाला निघालेली माणसं, कपाळाला भस्म लावलेली. एकाने त्याचे केस धरून तोंड ओल्या वाळूत दाबलं आणि म्हणाला, "शोध, इथी शोध डहाळी."

मी केबिनमधून सब्बल काढली. पहिला फटका कोणाला लागला ते मला माहीत नाही, तो ओरडत मागे पडला. बाकीचे बाजूला झाले. मग माझ्यापुढे डोमाच होता. त्याने हँडल उगारलं. मी त्याच्या हातावर सब्बल घातली. कोपराच्या खाली हाड मोडल्याचा आवाज आला, वाळलेला बांबू मोडावा तसा. हँडल पडलं. त्याचा हात नको तिथे वाकला होता. मी थांबलो नाही. मी त्याच्या खांद्यावर मारलं, मांडीवर मारलं. तो खाली पडला. मी त्याच्या छातीवर बसलो आणि सब्बल आडवी त्याच्या गळ्यावर ठेवून दाबली. त्याचे डोळे वर गेले. सकाळी अस्वलाच्या वेळी जसं झालं होतं, तसंच आताही झालं. आपण काय करतो ते दिसत होतं, पण हात थांबत नव्हते.

"सोडा त्याले!"

वच्छला केबिनच्या दारात उभी होती. दोन्ही हातांनी दार धरून. डोक्याची पट्टी लाल झाली होती. "त्याले काऊन मारता? त्यानं मले चावलं का?"

तिचे दोन्ही हात दारावर होते. काडी कोणाच्याच हातात नव्हती.

मी सब्बल टाकून धावलो. ती पायरीवरून माझ्या अंगावर आली. माझे कपडे कमरेपासून भिजले आणि ते नदीचं पाणी नव्हतं. मी चिंधी चाचपत होतो, काडी सापडत नव्हती. माझी बोटं निसरडी झाली होती.

तेवढ्यात डोमाच्या गाडीवरून एक म्हातारी खाली आली. कशी उतरली कोण जाणे, बहुतेक पडलीच. तिने मला कोपराने बाजूला केलं, काडी शोधली आणि पीळ दिला. तिच्या काखेत बेलाची डहाळी होती. डहाळीच्या बुडाला ओली वाळू चिकटलेली होती.

सगळ्यांनी ती पाहिली. इसरूनेही पाहिली. त्याचा एक डोळा बंद झाला होता.

"माय," तो म्हणाला, "ही कुठून आणली?"

म्हातारीचं नाव रुखमाबाई. सावली गावाच्या अलीकडची. तिने काखेतल्या डहाळीकडे पाहिलं. मग तिला समजलं. तिचं तोंड वाकडं झालं.

"गाडी थांबली तशी मी सगळ्याच्या आधी उतरली. काठावर होती, बापा. वाळूत उभी. मले वाटलं कोणी देवासाठी रोवली. शिवरातीचा बेल, नदीच्या काठाले, उभा... मी म्हटलं मार्कंड्याले वाहीन. मले का माईत, गाडीचं काई असते म्हणून?"

ज्या माणसाने इसरूचं तोंड वाळूत दाबलं होतं, तोच आता तिच्यावर धावला. "थेरडे, तुह्यापायी झालं हे सगळं." त्याने तिच्या पाठीत लाथ घातली. ती वच्छलावर पडली, पण काडी तिने सोडली नाही.

वच्छला तशा अवस्थेतही बोलली. आवाज नव्हताच, ओठ हलले. "तिले हात नका लावू. तिच्या हातात माही काडी आहे."

मी त्या माणसाचा गळा धरला असता. पण डोमा उठून बसला होता. त्याचा गळा सुजला होता आणि शब्द घासून बाहेर येत होते.

"खरंच वैनी आहे," तो म्हणाला. "अबे, मारायच्या आधी नाव सांगाचं ना. बाई बाई काय करतो." मग तो लोकांवर खेकसला. "उतरा सगळे. गाडी रिकामी करा. मी मागं घेतो."

त्याने उजव्या हाताकडे पाहिलं. तो हात लोंबत होता. माझी भरलेली गाडी मागे घेता येत नव्हती, त्याचीच रिकामी करून मागे घ्यायची होती आणि ती हाकणारा हात मी मोडला होता.

"मी घेतो," मी म्हणालो.

"तुले माह्या गाडीचं ठाऊक नाई. तिचं स्टेरिंग डावीकडं ओढते."

"मग तू सांग."

आम्ही वच्छलाला उचलून त्याच्या केबिनमध्ये ठेवलं. रुखमाबाई काडी धरून तिच्यासोबतच आत आली. इसरूला उठता येत नव्हतं. त्याला माझ्या गाडीच्या चाकाला टेकवून बसवलं. डोमा माझ्या बाजूच्या पायरीवर चढला. मोडका हात त्याने सदऱ्यात खोचला होता आणि चांगल्या हाताने दाराची चौकट धरली होती. मान मागे वळवून तो धुक्यात बघत होता.

"चल. हळू. उजवीकडं. अजून. बस. आता सरळ. डावं चाक कडेले आहे, कडेले आहे... घे, घे. हां."

गाडी मागे जात होती. माणसाच्या चालीपेक्षा हळू. प्रत्येक धक्क्याला डोमा दातातून श्वास घेत होता. माझ्या हातांवरचं त्याचं आणि वच्छलाचं रक्त एकाच स्टेरिंगला लागलं.

"थंडी वाजून राह्यली," वच्छला म्हणाली.

रुखमाबाईने आपल्या अंगावरची घोंगडी तिच्यावर टाकली. "आलाच काठ, माय. आलाच."

"तुमचा बेल राह्यला तिकडंच."

"राहू दे बेल."

"नाई, तुमी इतक्या दूरून आल्या..." ती पुढे काही म्हणाली ते इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. मी मागे बघून गाडी चालवत होतो. मला तिच्याकडे बघता येत नव्हतं. बघितलं असतं तर चाक उतरलं असतं. त्या सगळ्या वाटेत मी तिच्याकडे एकदाही बघितलं नाही.

मागची चाकं काठाच्या घट्ट मातीवर लागली. मी गाडी चढावर घेतली, वळवली, तोंड चांद्याकडे केलं. काठावर जत्रेची आणखी माणसं बैलगाड्या सोडून बसली होती. मी भोंगा वाजवत त्यांच्यातून गाडी काढली.

"थांबव, बापा," रुखमाबाई म्हणाली.

मी थांबलो नाही.

"लटारू," डोमा पायरीवरून म्हणाला. "ऐक. थांब."

मी दात आवळून हाकत होतो. डोमाने आत हात घालून किल्ली फिरवली. गाडी धक्के खात थांबली.

रुखमाबाईच्या हातात काडी अजून होती. चिंधी तशीच पिळलेली होती. तिने पीळ जराही सोडला नव्हता. पण आता तिच्या खाली थांबवायला काही उरलं नव्हतं.

मी वच्छलाला बाहेर काढलं आणि रस्त्याच्या कडेला घोंगडीवर ठेवलं. लोक जमले. बायकांनी तोंडाला पदर लावला. एक चांगला जाडजूड माणूस पुढे आला. त्याने हात जोडले आणि म्हणाला, "भाग्याची बाई. शिवरातीच्या दिवशी, गंगेच्या काठाले गेली. असं मरण कोणाले भेटते?"

मी त्याच्या तोंडावर मूठ मारली. त्याचे दात माझ्या बोटांत रुतले. तो पडला, मी आणखी एक लाथ घातली. दोघा-तिघांनी मला धरलं, मी सुटलो. मारायला कोणी पाहिजे होतं. डोमाला मारून झालं होतं. रुखमाबाई रस्त्यात बसली होती, तिचे हात कोपरापर्यंत लाल. तिच्याकडे मी गेलो. तिने मान वर केली आणि डोळे मिटून घेतले. मार, असंच ती म्हणत होती. मला तिला मारता आलं नाही.

मग मी डोमाच्या गाडीवर गेलो. टपावर जॅकचा दांडा होता, तो घेतला. समोरची काच फोडली. दोन्ही दिवे फोडले. पुढच्या जाळीवर इतके दांडे घातले की जाळी आत गेली आणि रेडिएटरमधून गरम पाण्याची धार सुटली. माझे पाय भाजले. मी मारतच होतो. डोमा बाजूला उभा होता. त्याची गाडी, त्याचं पोट त्या गाडीवर. तो मध्ये पडला नाही.

मी थकल्यावर तो म्हणाला, "झालं? आता वैनीले कशात नेशीन?"

आमचं गाव सावलीच्या पलीकडे होतं. तिला घरी न्यायचं होतं. डोमाच्या गाडीतलं सगळं पाणी रस्त्यावर सांडलं होतं. माझी गाडी नदीत उभी होती, ओंडक्यांनी भरलेली. आणि दोन्ही काठांना गाड्या, बैलगाड्या, माणसं वाट मोकळी व्हायची वाट बघत होती. कोणीतरी भोंगाही वाजवत होतं.

"बैलगाडीत नेऊ," कोणी म्हणालं.

"नाई," मी म्हणालो. "माह्या गाडीत न्याची आहे."

रुखमाबाई वच्छलाजवळ बसून राहिली. तिने जत्रेला जायचं नाव काढलं नाही. तिच्यासोबतचे लोक तिच्याशी बोलत नव्हते. ती वच्छलाच्या कपाळावरचं रक्त ओल्या पदराने पुसत होती आणि काहीतरी बोलत होती, बहुतेक त्या दोघींचंच बोलणं.

मी आणि डोमा ताट्यांवरून चालत परत गेलो. धुकं विरत होतं. वाळूवर रक्ताचे डाग दिसत होते, कोणाचे कुठले ते सांगता आलं नसतं. इसरू चाकाला टेकून तसाच बसला होता. त्याने आमची तोंडं पाहिली आणि त्याला सांगावं लागलं नाही. तो उठायला लागला आणि पुन्हा बसला. त्याच्या बरगड्या मोडल्या होत्या.

"तू नको," डोमा त्याला म्हणाला. "डहाळी खरंच हातभर आत होती गा. म्हातारीनं सांगतलं, दोन हातांनी उपटावी लागली."

इसरूने मान फिरवली.

माझी गाडी पुढच्या चाकांनी खाली बसली होती. डोमाच्या गाडीवरच्या लोकांना मी काही म्हणालो नाही. तेच आले. त्यांनी हातांनी वाळू उपसली आणि ताट्या ओढून चाकांपुढे घातल्या. इसरूचं तोंड वाळूत दाबणारा माणूसही उपसत होता. इसरूला उचलून त्यांनी ओंडक्यांवर बसवलं. मी केबिनमध्ये चढलो. बाक ओला होता. मी त्यावरच बसलो.

पुढे अजून एक ओहोळ होता, सकाळी नव्हता. आम्ही भांडत होतो तोवर माझ्या गाडीच्या वजनाने वाळू दबली होती आणि पाणी वाट सोडून ताट्यांवर आलं होतं. खाली ताटी आहे की नाही ते वरून दिसत नव्हतं. कोणीतरी पुढे चालायला पाहिजे होतं.

डोमा पाण्यात उतरला. थंड पाणी लागलं तसा त्याचा मोडका हात सदऱ्यातून सुटला आणि खाली लोंबला. त्याने तो पुन्हा आत खोचला, पायाने ताटी चाचपली आणि माझ्याकडे न बघता डावा हात वर केला.

"ये," तो म्हणाला. "इकडून. हळू ये."

मी गाडी सोडली आणि तो हात दाखवत होता तिकडे हाकत गेलो.